दहा वर्षांचं कलम: रामोस आणि कॉम्पिअन यांची शिक्षाकपात

19 जानेवारी 2009 हा जॉर्ज बुश यांच्या अध्यक्षपदाचा शेवटचा पूर्ण दिवस. त्या दिवशी त्यांनी बॉर्डर पेट्रोल या अमेरिकी सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाच्या दोन माजी अधिकाऱ्यांची शिक्षा कमी केली. पळणाऱ्या एका माणसावर गोळ्या झाडून ते लपवल्याचा हा खटला होता. इग्नासियो रामोस यांना 11 वर्षं 1 दिवस, तर होजे अलोन्सो कॉम्पिअन यांना 12 वर्षं शिक्षा झाली होती. आदेशानुसार दोघांचीही तुरुंगवासाची मुदत 20 मार्च 2009 रोजी संपणार होती. सुटकेनंतरची तीन वर्षांची देखरेख आणि शिक्षेचा बाकीचा सगळा भाग कायम राहिला. अपराधसिद्धीला तर हातच लावला नव्हता.

बातमी मात्र बहुतेकांच्या कानावर ‘बुशनी माफी दिली’ अशीच गेली. माफी त्यांनी दिली नव्हती. ती मिळाली जवळजवळ बारा वर्षांनी, 22 डिसेंबर 2020 रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडून. एकाच खटल्यात दोन अध्यक्षांनी दोन वेगळी हत्यारं वापरली, म्हणून कर्तव्यावरच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षामाफीची यंत्रणा कशी चालते हे समजून घ्यायला हे प्रकरण उत्तम आहे. आमच्या मते बुश यांचा आदेश खटल्यातल्या खऱ्या दुखण्यावर नेमका बसला. ते दुखणं दोघांच्या निर्दोषपणाचं नव्हतं, एका कलमाचं होतं.

फॅबेन्सची दुपार

टेक्सासमध्ये एल पासोच्या आग्नेयेला फॅबेन्स हे छोटं गाव आहे. गावाच्या दक्षिणेला शेतं, मग पाण्याचा खोल चर, चराच्या पलीकडे मातीचा बांध, बांधापासून नदीपर्यंत मोकळी सपाट पट्टी आणि शेवटी रिओ ग्रान्दे. नदीपलीकडे मेक्सिको.

17 फेब्रुवारी 2005 च्या दुपारी कॉम्पिअन यांनी नदीजवळ एक संशयास्पद व्हॅन असल्याचं रेडिओवर कळवलं. व्हॅन गावाकडे गेली आणि गस्तीच्या गाड्या मागे लागल्यावर वळून पुन्हा नदीच्या दिशेनं सुटली. रामोस पाठलागात होते. चराशी पोहोचल्यावर चालक व्हॅन सोडून पळाला. चराच्या पलीकडच्या काठावर कॉम्पिअन शॉटगन घेऊन उभे होते. साक्षीत आलं ते असं: चालकानं हात वर केले, कॉम्पिअन यांनी शॉटगनचा दस्ता त्याच्या दिशेनं उगारला, तोल जाऊन ते स्वतःच खाली पडले आणि चालक बांध ओलांडून नदीकडे धावत सुटला.

कॉम्पिअन उठले आणि त्यांनी पिस्तुलातून किमान 14 गोळ्या झाडल्या. मध्ये एकदा मॅगझिन बदललं. त्यांतली एकही लागली नाही. मागून चर ओलांडून आलेल्या रामोस यांनी एकच गोळी झाडली आणि ती लागली. डाव्या कुल्ल्यातून शिरून मूत्रमार्ग फाडत ती उजव्या मांडीत अडकली. माणूस पडला, उठला, लंगडत नदी पार करून मेक्सिकोत निघून गेला.

व्हॅनमध्ये 743 पौंड, म्हणजे साधारण 337 किलो गांजा सापडला. समर्थकांच्या प्रत्येक भाषणात हा आकडा असे. पण व्हॅन उघडली ती गोळीबारानंतर. गोळ्या झाडल्या त्या क्षणी आत काय आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि सरकारी पक्षानं ज्युरीपुढे याच क्रमावर भर दिला.

पुंगळ्या

गोळीबाराचा निर्णय काही सेकंदांचा होता. खटला उभा राहिला तो त्यानंतरच्या तासाभरातल्या वागण्यावर.

शस्त्रातून गोळी सुटली तर तासाभराच्या आत वरिष्ठांना तोंडी कळवायचं, असा बॉर्डर पेट्रोलचा नियम आहे. तशी खबर गेली की जागा राखली जाते, पुंगळ्या जिथे पडल्या तिथेच मोजल्या जातात, शस्त्रं ताब्यात घेतली जातात आणि जबाब नोंदवले जातात. आपल्याकडच्या पंचनाम्यासारखाच हा प्रकार, आणि गोळी झाडणाऱ्याच्या बचावाचं पहिलं साधनही तोच. ‘त्याच्या हातात काहीतरी चमकताना दिसलं, पिस्तूल वाटलं,’ हे वाक्य घटनेनंतर दहाव्या मिनिटाला नोंदवलं असतं तर त्याचं वजन वेगळं असतं.

इथे दोघांनीही काही कळवलं नाही. वरिष्ठ अधिकारी घटनास्थळी आले होते. आपण पडलो हे त्यांना कळलं तरी गोळ्या झाडल्याचं कॉम्पिअन बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या 9 पुंगळ्या उचलून फेकून दिल्या. राहिलेल्या 5 त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या एका अधिकाऱ्यानं उचलल्या. त्या दिवशीच्या अहवालात पाठलाग आणि गांजा आहे, गोळीबार नाही. गोळ्यांचा आवाज ऐकलेले इतर अधिकारीही गप्प राहिले. पुढे त्यांतल्या काहींनी अभयाच्या बदल्यात सहकाऱ्यांविरुद्ध साक्ष दिली.

त्यामुळे चमकणाऱ्या वस्तूचा बचाव पुढे आला तेव्हा जागेवरचा कुठलाच पुरावा त्याला टेकू देऊ शकत नव्हता. गोळीच्या तिरक्या मार्गावरून जखमी माणसाचं शरीर त्या क्षणी थोडं वळलेलं असावं, असा वैद्यकीय मुद्दा बचाव पक्षानं मांडला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. वळून शस्त्र रोखणाऱ्या माणसाशी तो जुळतो, पळता पळता मागे पाहणाऱ्याशीही जुळतो. धोका खरोखर वाटला असता तर पुंगळ्या का लपवल्या, हा सरकारी वकिलांचा प्रश्न त्यापेक्षा कितीतरी सोपा होता.

जखमी माणूस साक्षीदार कसा झाला

जखमी चालकाच्या कुटुंबाची अ‍ॅरिझोनात नेमणूक असलेल्या दुसऱ्याच एका बॉर्डर पेट्रोल अधिकाऱ्याच्या नातेवाइकांशी ओळख होती. त्या वाटेनं बातमी फिरली आणि होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयापर्यंत पोहोचली. मार्च 2005 मध्ये तपासनिसांनी त्याला मेक्सिकोतून आणलं. एल पासोच्या लष्करी रुग्णालयात त्याच्या शरीरातून गोळी काढली, आणि ती रामोस यांच्या .40 कॅलिबर पिस्तुलाशी जुळली.

साक्षीच्या बदल्यात त्याला मर्यादित अभय मिळालं. तो त्या दिवसाबद्दल जे सांगेल ते त्याच्याविरुद्ध वापरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुन्ह्यातून सुटका असा तो नव्हता. पण व्यवहारात फरक पडणारही नव्हता, कारण त्याला व्हॅनशी जोडणारा दुसरा पुरावा तपासाकडे नव्हता. त्याला कुणी पकडलं नव्हतं आणि जागेचा तपास त्या दिवशी झालाच नव्हता. इथेही न दिलेल्या खबरीची किंमत मोजावी लागली.

मग या साक्षीदारानं सरकारलाच तोंडघशी पाडलं. उपचार आणि साक्षीसाठी सीमा ओलांडायला त्याला कागदपत्रं दिली होती. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो गांजाच्या आणखी एका खेपेत गुंतला. न्यायाधीश कॅथलीन कार्डोन यांनी ही गोष्ट ज्युरीसमोर येऊ दिली नाही. फेब्रुवारीत गोळी झाडताना अधिकाऱ्यांना काय वाटलं याच्याशी ऑक्टोबरमधल्या खेपेचा संबंध नाही, असा त्यामागचा तर्क, आणि अपील न्यायालयानं तो मान्य केला. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. लोकांच्या नजरेत मात्र याच एका निर्णयानं खटला कायमचा नासला. पुढे त्या माणसाला दुसऱ्या खेपेसाठी अटक झाली, त्यानं गुन्हा कबूल केला आणि ऑगस्ट 2008 मध्ये त्याला साडेनऊ वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षेचं गणित

8 मार्च 2006 रोजी एल पासोच्या संघीय न्यायालयात ज्युरीनं निकाल दिला. खुनाच्या इराद्यानं हल्ला या सर्वांत गंभीर आरोपातून दोघे सुटले. धोकादायक शस्त्रानं हल्ला, गंभीर इजा, वर्दीच्या आडून नागरी हक्कांचा भंग, पुरावा दडवणं आणि हिंसक गुन्ह्यात बंदूक झाडणं, हे आरोप सिद्ध झाले. पळणाऱ्या माणसावर प्राणघातक बळ कधी वापरता येतं याची चौकट 1985 च्या टेनेसी विरुद्ध गार्नर निकालात आहे: त्याच्यापासून गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण हवं. ज्युरीला ते दिसलं नाही.

19 ऑक्टोबर 2006 ला शिक्षा सुनावली, ती दोन भागांत. हल्ला, हक्कभंग, पुरावा दडवणं या सगळ्यांसाठी मिळून रामोस यांना 1 वर्ष 1 दिवस आणि कॉम्पिअन यांना 2 वर्षं. इथे न्यायाधीशांच्या हातात काही होतं आणि त्यांनी हात आखडता घेतला हे उघड दिसतं. दुसरा भाग दोघांना सारखाच: प्रत्येकी 10 वर्षं.

ही दहा वर्षं आली संघीय कायद्याच्या 18 व्या विभागातल्या 924(क) या तरतुदीतून. हिंसक गुन्हा किंवा अमली पदार्थांचा व्यवहार करताना बंदूक बाळगली किंवा वापरली तर किमान 5 वर्षं, ती उगारली तर 7, झाडली तर 10. ही शिक्षा मूळ शिक्षेच्या वर चढते, तिच्याबरोबर एकत्र भोगता येत नाही, आणि न्यायाधीशाला त्यातला एक दिवसही कमी करता येत नाही. बंदूक घेऊन अमली पदार्थ विकणाऱ्यांना किंवा दरोडा घालणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही तरतूद. त्या माणसानं बंदूक घरी ठेवायला हवी होती, हा तिच्यामागचा विचार.

ज्याला सरकारच बंदूक देतं आणि जो ती घरी ठेवून कामावर येऊच शकत नाही, त्याला हा विचार कसा लागू करायचा? तरतुदीच्या शब्दांत पोलिसांसाठी अपवाद नाही. त्यामुळे सरकारी वकिलानं हे कलम लावायचं ठरवलं आणि ज्युरीनं हल्ल्याचा आरोप मान्य केला की दहा वर्षं आपोआप येतात. म्हणजे शिक्षेचा खरा निर्णय आरोपपत्र लिहितानाच झाला होता, आणि तो घेतला होता टेक्सासच्या पश्चिम जिल्ह्याचे संघीय सरकारी वकील जॉनी सटन यांच्या कार्यालयानं. हे सटन बुश यांचे जुने टेक्सासचे सहकारी, हा योगायोग टीकाकारांनी कधी विसरू दिला नाही.

संघीय व्यवस्थेत 1 नोव्हेंबर 1987 नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल नाही. चांगल्या वर्तणुकीची पूर्ण सूट धरली तरी रामोस यांना साडेनऊ वर्षांच्या आसपास आत काढावी लागली असती. शिवाय वर्दीतला माणूस तुरुंगात गेला की त्याला इतर कैद्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, म्हणजे प्रत्यक्षात एकांत कोठडी. दोघे 17 जानेवारी 2007 रोजी तुरुंगात हजर झाले. तीन आठवड्यांच्या आतच, 3 फेब्रुवारीला, मिसिसिपीतल्या याझू सिटीच्या तुरुंगात रामोस यांना कैद्यांनी मारहाण केली. त्यानंतर वेगळी कोठडी हा नियमच झाला. दहा वर्षं अशी काढणं आणि सामान्य बराकीत काढणं यांत फार अंतर आहे, पण 924(क) ला ते दिसत नाही.

अपिलात काय टिकलं, काय पडलं

ज्युरीतल्या तिघांनी नंतर शपथेवर सांगितलं की निर्दोष ठरवण्याकडे आपला कल होता, पण बहुमताबरोबर जावंच लागतं असा समज झाल्यानं आपण झुकलो. नव्या खटल्यासाठी हे पुरेल असं बाहेरच्याला वाटतं. पण अमेरिकी पुरावा नियमांनुसार ज्युरींच्या बंद खोलीतल्या चर्चेबद्दल ज्युरीचंच म्हणणं निकाल उलटवण्यासाठी जवळजवळ वापरता येत नाही. बाहेरून दबाव किंवा लाच असेल तर गोष्ट वेगळी. मागणी फेटाळली गेली.

टेक्सास ज्याच्या कक्षेत येतं त्या पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं 28 जुलै 2008 रोजी निकाल दिला. हल्ल्याची, हक्कभंगाची आणि 924(क) ची अपराधसिद्धी कायम राहिली. पुरावा दडवण्याची मात्र रद्द झाली, आणि कारण तांत्रिक असलं तरी ठोस होतं. ज्या कलमाखाली तो आरोप ठेवला होता त्याला ‘अधिकृत कार्यवाहीत’ अडथळा हवा, आणि खात्याची अंतर्गत चौकशी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे लोकांच्या मनात जे सर्वांत काळं होतं तेच कायद्यात पडलं, आणि जे सर्वांत अन्यायकारक वाटत होतं ते उभं राहिलं. फेरशिक्षेसाठी प्रकरण पुन्हा न्यायाधीश कार्डोन यांच्याकडे आलं आणि नोव्हेंबर 2008 मध्ये एकूण आकडे जसेच्या तसे राहिले. दहा वर्षांना हात लावायचा अधिकार त्यांच्याकडे तेव्हाही नव्हता.

मोहीम

बाहेर प्रचार जोरात होता. टेड पो, डंकन हंटर, डेना रोहराबाकर अशा रिपब्लिकन सदस्यांनी प्रतिनिधीगृहात विषय लावून धरला. त्यांची भाषा होती ‘निर्दोष नायक, गुन्हेगार तस्कर’. पुंगळ्यांचा उल्लेख त्यात आला तरी ओझरता. सरकारी बाजूनंही भर घातली. आपल्याला मेक्सिकन माणसाला गोळी घालायची होती असं या अधिकाऱ्यांनी कबूल केलं आहे, असं महानिरीक्षक कार्यालयाच्या लोकांनी टेक्सासच्या काही सदस्यांना सांगितलं होतं. फेब्रुवारी 2007 मध्ये महानिरीक्षक रिचर्ड स्किनर यांना काँग्रेससमोर मान्य करावं लागलं की ती माहिती चुकीची होती. त्यानंतर खटल्यातल्या खऱ्या पुराव्यावरही अर्ध्या लोकांनी विश्वास ठेवायचं सोडून दिलं.

उपयोगी पडली ती दुसरी, कमी आवाजाची वाट. 17 जुलै 2007 रोजी सिनेटच्या न्याय समितीत सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट डायॅन फाइनस्टाइन, सोबत टेक्सासचे रिपब्लिकन जॉन कॉर्निन. दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून अध्यक्षांना पत्र लिहिलं. मागणी माफीची नव्हती, शिक्षा कमी करण्याची होती. गुन्हा झालाच नाही असं म्हणायची गरज या पत्राला पडली नाही, म्हणून दोन्ही पक्षांना त्यावर सही करता आली.

अर्जाची वाट

अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाचं दुसरं कलम अध्यक्षांना अमेरिकेविरुद्धच्या, म्हणजे संघीय गुन्ह्यांबाबत हा अधिकार देतं. अपवाद फक्त महाभियोगाचा. आपल्याकडे राष्ट्रपती अनुच्छेद 72 खाली मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागतात आणि निर्णयाची मर्यादित न्यायालयीन तपासणीही होते. तिकडे निर्णय एकट्या अध्यक्षांचा, आणि दिलेल्या माफीवर अपील नाही.

रोजची प्रक्रिया न्याय खात्यातल्या ऑफिस ऑफ द पार्डन अ‍ॅटर्नीमार्फत चालते. शिक्षा कमी करण्याच्या अर्जात गुन्हा, शिक्षा, अपिलाची स्थिती आणि कारणं लिहायची. मग कार्यालय तुरुंगाकडून वर्तणुकीचा अहवाल आणि शिक्षेपूर्वीचा तपास अहवाल मागवतं. दखलपात्र वाटल्यास ज्यानं खटला चालवला त्या सरकारी वकिलाचं आणि शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचं मत घेतलं जातं. शिफारस डेप्युटी अ‍ॅटर्नी जनरलकडून व्हाइट हाउसच्या विधी सल्लागारांकडे जाते. सही झाली की आदेश तुरुंग विभागाकडे जातो आणि टेक्सासमधल्या ग्रँड प्रेरीच्या शिक्षागणना केंद्रात सुटकेची तारीख नव्यानं मोजली जाते.

अर्ज अडकतात ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं, दुसरा न्यायालयीन उपाय शिल्लक असेल तर शिक्षाकपातीचा अर्ज साधारणपणे घेतलाच जात नाही. रामोस-कॉम्पिअन यांचं अपील 2008 च्या शेवटापर्यंत जिवंत होतं, त्यामुळे नियमांकडे बोट दाखवून ‘अजून वेळ आली नाही’ म्हणणं व्हाइट हाउसला बराच काळ सोयीचं गेलं. माफीचा नियम आणखी कडक: तुरुंगातून सुटल्यानंतर पाच वर्षं थांबायचं. हे नियम कार्यालयाला लागू, अध्यक्षांना नाहीत. अध्यक्ष हवं तेव्हा ते बाजूला ठेवू शकतात.

दुसरी अडचण मागणीच्या मांडणीची. न्याय खात्याच्या नियमावलीत शिक्षा कमी करण्याच्या कारणांत शिक्षेतली विषमता किंवा अवाजवी कठोरता आघाडीला आहे. माफीच्या कसोट्या वेगळ्या: सुटकेनंतरचं वागणं, गुन्ह्याचं गांभीर्य आणि त्याला झालेला काळ, जबाबदारीची कबुली, माफीची खरी गरज. निर्दोष असल्याच्या कारणावर माफी मागणाऱ्यावर फार मोठा भार असतो असं नियमावली स्पष्ट म्हणते. आता हे रामोस-कॉम्पिअन यांना लावून पाहा. ‘आम्ही निर्दोष’ म्हटलं की जबाबदारीच्या कबुलीवर अर्ज घसरतो आणि तो भारी बोजा अंगावर येतो. ‘दहा वर्षं अवाजवी’ म्हटलं की पहिल्याच कसोटीवर बसतो, आणि त्यासाठी 17 फेब्रुवारीच्या दुपारी नक्की काय घडलं याचा वाद सोडवावा लागत नाही. वर्दीतल्या माणसाचं कुटुंब आणि संघटना जवळजवळ नेहमी पहिली वाट धरतात. भावना समजण्यासारखी आहे, पण त्यात महिने जातात.

प्रशासनानं 2009 मध्ये दिलेलं कारणही हेच होतं: खटला न्याय्य झाला, दोषसिद्धी योग्य होती, शिक्षा मात्र फार कडक.

20 मार्च ही तारीख

सही जानेवारीत आणि मुदत मार्चमध्ये का? ताबडतोब सुटका लिहिता आली असती. पण दोन महिन्यांची मुदत ठेवली की तुरुंग विभागाला नव्यानं गणना करायला, देखरेख अधिकारी नेमायला आणि शेवटचा काळ घरी स्थानबद्धतेत घालवू द्यायला वाव मिळतो. तसंच झालं. 17 फेब्रुवारी 2009 रोजी दोघे घरी पोहोचले आणि महिनाभर स्थानबद्ध राहिले. एकूण शिक्षा भरली सव्वीस महिने. नीट पाहिलं तर हा आकडा न्यायाधीशांनी कॉम्पिअन यांना स्वतःच्या अखत्यारीत दिलेल्या दोन वर्षांच्या जवळ जातो, म्हणजे 924(क) ची दहा वर्षं जवळजवळ पूर्ण पुसली गेली. रामोस यांच्या बाबतीत मात्र सव्वीस महिने हे मूळ वर्ष-दिवसाच्या दुपटीहून जास्त होतात. दोघांना एकच तारीख दिल्यामुळे आलेली ही विसंगती, आणि तिच्याबद्दल कुणी फारशी तक्रार केल्याचं दिसत नाही.

राहिलेल्या गोष्टी लहान नव्हत्या. गुन्हेगार म्हणून नोंद कायम. संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगण्यावर आजन्म बंदी, म्हणजे बॉर्डर पेट्रोलच काय, कुठल्याही सशस्त्र दलात परतण्याचा मार्ग बंद. तीन वर्षं देखरेख अधिकाऱ्याला हजेरी. टेक्सासमध्ये शिक्षा आणि देखरेख पूर्ण झाली की मतदानाचा हक्क परत मिळतो, तो तेवढा माफीशिवायही आला असता. शिक्षा कमी झाली म्हणून दोषसिद्धीविरुद्धची सर्वोच्च न्यायालयातली याचिका आपोआप निकाली निघाली नव्हती. मार्च 2009 मध्येच न्यायालयानं ती दाखल करून घ्यायला नकार दिला आणि दोषसिद्धी अंतिम झाली.

2020 ची माफी

पाच वर्षांची अट 2014 मध्येच पूर्ण झाली होती. ट्रम्प यांनी 22 डिसेंबर 2020 ला पूर्ण माफी दिली तेव्हा तुरुंग, देखरेख, दंड यांतलं काहीच शिल्लक नव्हतं. प्रत्यक्ष फायदा बंदूकबंदी उठण्याचा आणि नोंदीवर माफीचा शेरा येण्याचा. माफीनं दोषसिद्धी पुसली जात नाही. ती नोंदीत राहते, शेजारी माफीही राहते.

त्याच दिवशीच्या यादीत बगदादमधल्या 2007 च्या निसूर चौक हत्याकांडात दोषी ठरलेले ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीचे चार कर्मचारीही होते. त्यामुळे चर्चा सगळी त्यांच्यावर गेली आणि फॅबेन्सचं प्रकरण तळटीप झालं. आमच्या मते ही माफी 2009 च्या आदेशाइतकी नेमकी नव्हती. शिक्षा अवाजवी होती हे अगोदरच मान्य होऊन दुरुस्त झालं होतं. उरला होता तो लपवलेला गोळीबार, आणि माफीच्या आदेशाला त्याबद्दल काही म्हणायची गरज नसते.

हा मार्ग कुठे चालत नाही

असंच दुसरं प्रकरण समोर आलं की पहिला प्रश्न एकच: शिक्षा कुणी दिली? अमेरिकेतले बहुतेक पोलीस राज्याच्या कायद्याखाली दोषी ठरतात आणि तिथे अध्यक्षांची सही निरुपयोगी असते. जॉर्ज फ्लॉइड यांच्या खुनात दोषी ठरलेले मिनियापोलिसचे माजी पोलीस डेरेक शॉविन यांना मिनेसोटाच्या न्यायालयानं साडेबावीस वर्षं दिली आणि संघीय न्यायालयानं वेगळी 21 वर्षं. संघीय शिक्षा उद्या माफ झाली तरी राज्याची शिक्षा भोगावीच लागेल. राज्याचे दरवाजे वेगळे: कुठे राज्यपाल, कुठे माफी मंडळ, कुठे दोन्ही मिळून.

वॉशिंग्टन डीसी मात्र राज्य नाही. तिथले गंभीर खटले अमेरिकेच्या नावानं चालतात, म्हणून स्थानिक कायद्याखालच्या शिक्षेवरही अध्यक्षांचा अधिकार चालतो. ऑक्टोबर 2020 मध्ये पाठलागात एका मोपेडस्वार तरुणाचा मृत्यू झाल्याच्या प्रकरणात डीसी पोलीस दलाच्या दोन अधिकाऱ्यांना सप्टेंबर 2024 मध्ये 66 आणि 48 महिन्यांची शिक्षा झाली होती. 22 जानेवारी 2025 रोजी ट्रम्प यांनी दोघांना पूर्ण माफी दिली. अपील प्रलंबित होतं आणि दोघे तेव्हा तुरुंगाबाहेरच होते, म्हणजे फॅबेन्सच्या दोघांना दोन वर्षांहून जास्त काळ ऐकवलेलं ‘आधी अपील संपू द्या’ हे कारण इथे कुणाला आठवलं नाही. त्या प्रकरणातही आरोपांचा मोठा भाग घटनेनंतर वरिष्ठांना काय सांगितलं आणि काय दडवलं याचाच होता.

924(क) मध्ये 2018 च्या फर्स्ट स्टेप कायद्यानं एक बदल केला. एकाच खटल्यातल्या अनेक गुन्ह्यांवर 25-25 वर्षांचे थर चढवण्याची प्रथा त्यानं आवरली. बंदूक झाडली तर दहा वर्षं, हा भाग आहे तसाच आहे, आणि कर्तव्यावरच्या अधिकाऱ्यासाठी त्यात आजही अपवाद नाही.